वेस, दरवाजा की प्रवेशद्वार?

कोरांटी: बायबलमधल्या यशयाच्या 60व्या अध्यायावरचा एक लेख मराठीत आणतेय. यरुशलेमच्या वेशी रात्रंदिवस उघड्या राहतील, असं त्यात भाकीत आहे. संपादकांनी 'वेशी' खोडून 'प्रवेशद्वारं' केलं. त्यांच्या मते वेस म्हणजे गावाची हद्द, आणि हद्द उघडी कशी राहील? मी चर्चमध्ये लहानपणापासून 'वेशी'च ऐकलंय. काय ठेवू?

दगडफूल: वेसच. नगरला माळीवाडा वेस आहे, चांगली दगडी कमान आहे. त्याच शहरात दिल्ली दरवाजाही आहे. हद्द हा अर्थ मागाहून चिकटला.

चाफा: चिकटला म्हणजे आता तोच अर्थ आहे. माझ्या मुलीला विचारलं, तर म्हणाली, "गाव संपतं ती जागा." वाचक तिच्या वयाचे असतील तर?

कोरांटी: पण लेखात पुढे आमोस संदेष्टा आहे. वेशीत न्याय स्थापा, म्हणतो. गरिबाला वेशीत डावलता, म्हणून रागावतो. रूथच्या गोष्टीत बवाज वेशीतच दहा वडीलधाऱ्यांना बसवून निवाडा करून घेतो. ती हद्द नाही, चावडी आहे. आपणही लक्तरं वेशीवरच टांगतो ना, सगळं गाव बघतं म्हणून!

वाटसरू: मूळ संस्कृत 'विश्', आत शिरणे. प्रवेश, वेश, वेस.

दगडफूल: ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. मधली रूपं दाखवा.

वाटसरू: दाखवतो, सवड मिळू दे. तोवर एक सांगा: मगिद्दो, हासोर, गेजेर या प्राचीन इस्राएलमधल्या नगरांच्या उत्खननात वेशीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खोल्या सापडल्या. त्यांना लेखांत 'कक्ष' लिहितात. आपल्याकडे 'देवडी' असताना?

चाफा: देवडीत पहारेकरी बसतात. तिथे कोण बसत होतं, हे ठरल्याशिवाय देवडी म्हणू नये.

पाणकणीस: माझे पणजोबा वेसकर होते. तिन्हीसांजेला वेस लावायची, पहाटे उघडायची त्यांनी. घर मात्र वेशीबाहेर. प्रकटीकरणाच्या 21व्या अध्यायात नव्या यरुशलेमला 12 वेशी आहेत, एकेक वेस एकेका मोत्याची. त्या कधी लावल्या जाणार नाहीत, कारण तिथे रात्रच नाही. आमच्या घरात हा भाग मोठ्याने वाचतात. 'प्रवेशद्वार' म्हटलं की त्यातून माझे पणजोबा निघून जातात.

कोरांटी: हे संपादकांना तसंच्या तसं पाठवू का?

पाणकणीस: नाव न घालता पाठवा.

चाफा: यापुढे मी वाद घालत नाही. तरी तळटीप द्याच.

दगडफूल: तळटीप कशाला? 'वेस लावणे' हा प्रयोग वाक्यात आला की हद्दीचा घोळ आपोआप मिटतो. हद्द कोणी लावत नाही.

वाटसरू: विलापगीतात वेशी जमिनीत खचल्यात आणि त्यांचे अडसर मोडलेत. आमच्याकडे अडसर घराच्या दाराला, वेशीला अडणा. तुमच्याकडे?

दगडफूल: उलट. अडणा घराला.