शब्दचर्चा: एल्म ‘टाळणे’, ‘दडपणे’ की ‘सौम्य करणे’?

शंकासुर
टोकामॅकवरचा (प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, चुंबकीय क्षेत्रात कोंडून अणुसंलयन करू पाहणारं यंत्र) एक लेख मराठीत करतेय. त्यात एल्मबद्दल, म्हणजे प्लाझ्माच्या काठावर पुन्हापुन्हा होणाऱ्या उद्रेकांबद्दल, मूळ लेखात तीन क्रियापदं येतात, मिटिगेट, सप्रेस आणि अव्हॉइड. संपादक म्हणतात सगळीकडे ‘रोखणे’ टाका, वाचकाला काय फरक पडतो. मला पटत नाहीये. शिवाय एल्मला ‘कडेची अस्थिरता’ आणि पेडेस्टलला ‘चौथरा’ चालेल का?

उकडीचा मोदक
संपादकांना सांगा, फरक पडतो. आणि बराच पडतो.

1982 मध्ये जर्मनीत गार्खिंगला, अस्डेक्स टोकामॅकवर, फ्रिट्झ वाग्नर आणि मंडळींना दिसलं की तापवायची पॉवर एका हद्दीपलीकडे नेली की प्लाझ्मा अचानक वेगळ्याच अवस्थेत जातो आणि ऊर्जा साधारण दुप्पट वेळ टिकते, ती अवस्था म्हणजे एच-मोड, आणि एल्मचा प्रश्न तिथलाच. होतं काय, तर कडेच्या काही सेंटीमीटरच्या पट्ट्यात खळबळ शांत होते, उष्णता बाहेर झिरपायची कमी होते आणि तिथे दाब कड्यासारखा चढतो. हा चढ म्हणजे पेडेस्टल. आतलं तापमान किती वर जाणार हे बरंचसं त्याच्या उंचीवर ठरतं, म्हणून माझं मत ‘जोतं’. चौथरा मोकळाही असू शकतो, जोत्यावर घर असतं.

आता दाबाचा उतार फार तीव्र झाला, आणि त्या उतारामुळेच कडेला जो विद्युतप्रवाह तयार होतो तोही वाढला, की दोघं मिळून काठ फोडतात. एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही, प्लाझ्मातल्या ऊर्जेचा काही टक्के भाग बाहेर पडून डायव्हर्टरच्या (बाहेर पडणारी उष्णता आणि कण झेलणारा यंत्राचा भाग) पाट्यांवर आदळतो. जोतं ढासळतं, पुन्हा भरतं, पुन्हा ढासळतं. आजच्या यंत्रांना हे सोसतं, पण इटर (फ्रान्समध्ये उभारला जात असलेला मोठा टोकामॅक) प्लाझ्मात 15 मेगाअँपिअर प्रवाह ठेवून चालवताना असे मोठे फटके बसले तर टंगस्टनचा पृष्ठभाग वितळेल अशी भीती आहे. म्हणून अस्थिरता हे कारण झालं, एल्म ही घटना आहे. पहिल्यांदा ‘कडेचा उद्रेक (एल्म)’ लिहा, पुढे नुसतं एल्म.

भाषांतरवाली
जोतं झकास! क्रियापदांचं मी असं करेन. मिटिगेट म्हणजे सौम्य करणे, कारण उद्रेक होतातच, फक्त लहान आणि वारंवार होतात. गोठवलेल्या ड्युटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) गोळ्या झाडून काठ मुद्दाम लवकर लवकर फोडतात ना, ते यातलं. सप्रेस म्हणजे दडपणे, पण ते चळवळ दडपल्यासारखं वाटतं, म्हणून ‘शमन’?

उकडीचा मोदक
शमन नको, ते ऐकून वाचकाला सौम्य करणंच वाटेल. ‘दाबणे’ तर मुळीच नको, दाबाने फुटणारी गोष्ट दाबली असलं वाक्य होईल. दडपणेच बरं, कारण खरंच जबरदस्ती आहे ती: प्लाझ्मा उद्रेकाकडेच चाललेला असतो, तुम्ही बाहेरून कॉइल लावून चुंबकीय क्षेत्रात बारीकशी गडबड करता, काठावरून थोडी गळती होऊ देता आणि जोतं फुटायच्या उंचीपर्यंत पोचूच देत नाही. सॅन दिएगोच्या डी-थ्री-डी टोकामॅकवर हे जमल्याचं 2004 मध्ये छापून आलं, आणि इटरमध्ये यासाठी 27 कॉइल ठरलेल्या आहेत. कॉइल बंद केल्या की एल्म हजर.

टाळणे वेगळं. तिथे चालवायची अवस्थाच अशी निवडतात की मोठा एल्म उगवत नाही. क्यूएच-मोड नावाच्या अवस्थेत कडेला एक सतत मंद कंपन असतं, ते कण बाहेर नेत राहतं. आय-मोड नावाच्या दुसऱ्या अवस्थेत, ही मुख्यतः एमआयटीच्या अल्केटर सी-मॉड टोकामॅकवर अभ्यासली गेली, तापमानाचं जोतं असतं पण घनतेचं नसतं.

भाषांतरवाली
मग लोझानच्या टीसीव्ही टोकामॅकवर प्लाझ्माच्या छेदाचा इंग्रजी ‘डी’सारखा आकार उलटा करतात ते कुठे बसवायचं? तिथे तर एच-मोडच लागत नाही. एल्म टाळला म्हणायचं की एल्मची वाटच सोडली?

उकडीचा मोदक
टाळलाच की. फक्त त्याला ‘एच-मोडमध्ये टाळणे’ लिहू नका. गंमत अशी की तरीही ऊर्जा एच-मोडच्या जवळपास टिकते, म्हणून तर सगळे तिकडे बघतायत.

आणि शंकासुरताई, एक सांगायचं राहिलं. ‘एल्ममुक्त’ हा शब्द कितीही गोंडस वाटला तरी सरसकट वापरू नका. एल्म-फ्री एच-मोड ही जुनी, ठरावीक अवस्था आहे आणि ती वाईट आहे: एल्म नाहीत म्हणून कचरा बाहेर पडत नाही, टंगस्टनसारखे जड अणू आत साठतात, प्रकाश फेकून प्लाझ्मा थंड करतात आणि खेळ खलास. एल्म त्रासदायक असला तरी झाडलोट करतो. तो टाळायचा तर झाडलोटीचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं, क्यूएच-मोडमध्ये ते कंपन करतं तसं.

शंकासुर
दोघांचे आभार, संपादकांना हे सगळं पाठवते. शेवटचं एकच: लेखात अस्डेक्स अपग्रेडवरची क्यूसीई नावाची अवस्था आहे, तिथे कडेला बारीक बारीक एल्म जवळजवळ सतत चालू असतात. हे सौम्य करणं झालं का?

उकडीचा मोदक
नाही, ते गोळ्या झाडून केलेलं नसतं. प्लाझ्माचा आकार आणि काठाची घनता तशी ठेवली की आपोआप होतं. ‘मोठे एल्म टाळून सतत पाझर चालू ठेवणे’ असं फोडून लिहा, एका शब्दात कोंबायला जाऊ नका.