पद्मिनीच्या मूळ पार्ट्सवरचा जुना रंग कसा काढावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाबांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी नागपूरच्या महाल भागातल्या घरी उभी आहे. इंजिन झालं, आता बॉडी. मागे कोणीतरी दाराचे हँडल, टेललॅम्पची घरं, अगदी चेसिस नंबरच्या पट्टीवरूनही सिल्व्हर रंग फिरवलाय, ब्रशने! नखाने खरवडलं की सिल्व्हरखाली पांढरा, त्याखाली बिस्किटी. नवे पार्ट्स लावायचे नाहीत, हेच वाचवायचेत.

एका ओळखीच्यांनी सांगितलं, कॉस्टिक सोड्यात बुडवा. ॲल्युमिनियमची एक छोटी पट्टी टाकून पाहिली. फसफसून बुडबुडे आले अन् पट्टी काळी पडली. नंतर कळलं, कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खातं, जस्ताच्या ओतीव पार्ट्सचंही तेच. लोखंडाला मात्र चालतं म्हणे. चूक माझीच.

आता पेंट रिमूव्हर आणलाय. पण नागपूरचा मे महिना, लावल्या लावल्या वाळतो. वरून प्लास्टिक गुंडाळून ठेवलं तर चालेल का? ओतीव हँडलवरचं मूळ क्रोम टिकेल का? चेसिस नंबरच्या पट्टीवरचे कोरलेले आकडे न बुजता रंग कसा निघेल? हिंगणा एमआयडीसीत ब्लास्टिंगवाले आहेत, पण पातळ पत्रा वाळूच्या माऱ्याने वाकतो, म्हणून धजावत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासणंही नको.

कोणी स्वतःच्या हाताने केलं असेल तर सांगा भाऊ, पावसाळ्याआधी प्रायमर मारायचाय.