मदत हवी आहे : ‘लाय’ की ‘ले’? तातडीचं

कोरा_कागद
इंग्रजीतल्या ‘लाय’ आणि ‘ले’ या क्रियापदांत नेमका फरक काय? डिक्शनरीत दोन्हीकडे ‘ले’ दिसतंय. एकच वाक्य अडलंय, रात्री फाइल पाठवायचीय. कृपया लिंका देऊ नका, उत्तर द्या.

निंबोणी
लाय म्हणजे खोटं बोलणे. भूतकाळ लाइड. नियमित क्रियापद आहे, अडण्यासारखं काय त्यात?

कोरा_कागद
खोटं बोलण्याचं नाही हो. जमिनीतलं आहे.

अर्धविराम
जमीन? सातबारा का? :) वाक्य द्या ना. काळ कोणता, कर्म आहे की नाही, ते कळल्याशिवाय काय सांगणार?
तोवर एवढं घ्या. लाय अकर्मक : आडवं होणं, पडून असणं. रूपं लाय, ले, लेन, लाइंग. ले सकर्मक : काहीतरी ठेवणं, अंथरणं, टाकणं. रूपं ले, लेड, लेड, लेइंग. पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचं मूळ रूप एकच, एल-ए-वाय. म्हणून तुम्हाला ते दोन्हीकडे दिसतंय.

तिरकस_रेघ
एवढं कशाला? त्या जागी ‘पुट’ घालून बघा. बसलं तर ले, नाही तर लाय. संपला विषय.

अर्धविराम
नेहमी नाही जमत. ‘द हेन्स आर लेइंग’ म्हणजे कोंबड्या अंडी घालताहेत. तिथे कर्म दिसत नाही, पुटही बसत नाही, तरी क्रियापद ले.

तिरकस_रेघ
कोंबड्यांसाठी कोणी धागा काढलेला नाही.

कोरा_कागद
वाक्य : केबल दोन दिवसांपासून चरात पडून आहे. मी लिहिलं, ‘द केबल हॅज लेड इन द ट्रेंच फॉर टू डेज.’ तपासणाऱ्याने लाल केलं. त्याच्याच वर ‘द केबल वॉज लेड ऑन मंडे’ मात्र त्याला चाललं. लेड एकदा बरोबर, एकदा चूक, असं कसं?

खोदाई
११ केव्हीची (किलोव्होल्ट) वीजकेबल असेल तर जमिनीपासून केबलच्या माथ्यापर्यंत किमान ०.९ मीटर खोली लागते, एलटीला, म्हणजे कमी दाबाच्या केबलला, ०.७५. केबल टाकण्याचं भारतीय मानक आयएस १२५५ बघा. दोन दिवस उघडी का ठेवलीय? टोकांना कॅप लावलीय का? आत ओल शिरली की मेगरचं (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) रीडिंग खाली येतं.

कोरा_कागद
भाषांतर आहे हो! केबल माझी नाही.

अर्धविराम
हे वाक्य आधीच द्यायचं होतंत. सोमवारी मजुरांनी केबल टाकली. टाकणे म्हणजे ले. कर्मणी प्रयोगात केबल पुढे आली, मजूर गळले, पण ती कर्मच आहे. म्हणून ‘वॉज लेड’ बरोबर.
त्यानंतर ती नुसती पडून आहे, कोणी काही करत नाहीये. ते लाय. ‘हॅज’पुढे त्याचं तिसरं रूप हवं, म्हणजे ‘हॅज लेन’. पण लेन आता पुस्तकी वाटतं. अजून पडूनच आहे ना? मग ‘हॅज बीन लाइंग’ लिहा.
‘हॅज बीन लेड’ही शुद्ध आहे, पण त्याचा अर्थ ‘टाकून झाली’. त्यापुढे ‘फॉर टू डेज’ जोडू नका. आणि लेडचं स्पेलिंग एल-ए-आय-डी. वाय ठेवून ई-डी लावायचं नाही.

पाटीपेन्सिल
अशा जोड्या इंग्रजीत आणखी आहेत. सिट-सेट, राइज-रेज, फॉल-फेल. हे फेल म्हणजे झाड वगैरे पाडणे. आपलं पड-पाड, मर-मार, तुट-तोड आठवा. स्वर बदलला की कर्म आलं.

निंबोणी
फेल हा फॉलचा भूतकाळ आहे.

पाटीपेन्सिल
तोही आहे. ‘ही फेल’ म्हणजे तो पडला, ‘ही फेल्ड द ट्री’ म्हणजे त्याने झाड पाडलं. लाय-लेची गोची जशीच्या तशी.

तिरकस_रेघ
अमेरिकेत लोक सर्रास ‘आय ॲम लेइंग डाउन’ म्हणतात. कोणी अडवत नाही. ‘ले ऑफ द लँड’ (जमिनीची ठेवण) तर छापतातसुद्धा.

अर्धविराम
ते नाम आहे. ब्रिटनमध्ये तिथेही ‘लाय ऑफ द लँड’. बोलताना चालतं, पण तपासणारा कागदावर लाल करणारच. केलंच ना त्याने?

कोरा_कागद
‘हॅज बीन लाइंग’ केलं. पुढे ‘सँड अंडरलेज द केबल’ आहे. बरोबर का?

अर्धविराम
नाही. वाळू केबलखाली आहे, ती काही अंथरत नाहीये. ‘अंडरलाइज’ हवं. त्यापेक्षा ‘द केबल लाइज ऑन अ बेड ऑफ सँड’ लिहा, साइटवरच्या माणसालाही कळेल.

कोरा_कागद
केलं. पाठवतो. धन्यवाद.

खोदाई
कॅपचं राहिलंच.