तहानेवर भरवसा नको

‘तहान लागेल तेव्हा पाणी प्या, शरीर सांगतंच’ असं म्हणतात, ते पंचविशीतल्याला ठीक. सत्तरीनंतर तहानेची जाणीवच बोथट होते, घामही कमी येतो. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि आई म्हणते, ‘मला नाही लागली बाप्पा तहान!’ त्यातून बीपीची गोळी लघवी वाढवणारी असली की अंगातलं पाणी आणखी घटतं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, आणि आपण दोष देतो फरशीला. पण हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर बळेच माठ रिता करायला लावू नका. पाणी किती, गोळीचा डोस तोच का, हे उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारायचं. मनानं गोळी बंद करणं तर नकोच.

कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मस्त. जूनमध्ये ढग आले की नुसता दमटपणा, घाम वाळतच नाही. तेव्हा खिडक्या उघडा.

आणि भर दुपारी म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलेलं असलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. १०८ ला फोन करा, ओल्या कापडानं अंग पुसत पंखा लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.