सुबाभूळ, वेडी बाभूळ काढून मूळ झाडी आणायची आहे, क्रम कसा ठेवू?

माळावरचा: सोलापूर शहराला लागून वनखात्याचा २ एकरांचा तुकडा आहे. वर मुरूम, ओढ्याकडे काळी माती. सुबाभूळ, वेडी बाभूळ, घाणेरी माजलीय. लेखी परवानगी मिळाली आहे. दर रविवारी २०-२५ जण येतात. पहारी, टिकाव, कोयते आहेत. जूनपर्यंत सगळं साफ करून ५०० रोपं लावायचा बेत आहे. जमेल का?

टिकाव-खोरे: जमेल, पण करू नका. उघडा मुरूम वळवाच्या पहिल्या सरीत ओढ्यात जातो आणि ऊन लागलं की सुबाभळीचं बी मेथीच्या वाफ्यासारखं दाट उगवतं. पाव एकराचे पट्टे घ्या. तीन-चार पावसाळे रोपटी उपटायची तयारी नसेल तर पुढच्या पट्ट्याला हात लावू नका. सुबाभूळ शेंगा वाळायच्या आत काढा.

वेडी बाभूळ वरून छाटली की एकाला दहा धुमारे. बुंध्याभोवती वीतभर माती उकरा, खोड मुळात उतरतं तिथे जाडसर भाग दिसेल. कोंब तिथूनच येतात, म्हणून तोड त्याच्याखाली. घाणेरीचं मूळही जमिनीखाली दोन-तीन इंचांवर तोडा आणि झुडूप मुळं वर करून वाळत टाका. ओल्या मातीवर फांदी पडली तर तीही मुळं धरते.

आधी मात्र गावठी बाभळींना चुन्याचा पट्टा मारा. त्यांची फुलं गोल पिवळी, शेंग मण्यांच्या माळेसारखी. वेडीची फुलं लांबट तुऱ्याची. नवख्यांच्या कोयत्याला हा फरक कळत नाही! आणि चप्पल घालून कुणाला आत सोडू नका, काटा तळव्यातून आरपार जातो.

गवताळ: ५०० कशाला? रोपाला १० लिटर धरलं तरी एका पाळीला ५,००० लिटर. डिसेंबर ते मे दर १० दिवसांनी, म्हणजे १८ टँकर. सांगणार कुणाला?

१५० पुरे. मुरमावर हिवर, खैर, मेडशिंगी, मध्ये तरवड. ओढ्याकडे बाभूळ, बोर, भोकर. अंजनाचं ताजं बी जागेवरच टोका, पिशवीत त्याचं सोटमूळ वेटोळं होतं. बाकी जागा गवताची. आपला माळ म्हणजे गवत, नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाऊन बघा. मारवेलचे ठोंब पावसात लावा. पवन्या आणि कुसळीचं बी दिवाळीनंतर गोळा करून जूनला फेका. तिथे गुरं फिरली तर पहिल्या वर्षी काही दिसणार नाही.

माळावरचा: काळ्या मातीत खड्डे कसे घेऊ?

टिकाव-खोरे: दीड फूट लांब, रुंद, खोल. जमीन फूटभर भिजल्यावरच लावा. उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात, म्हणून मार्चआधी आळ्यात चार बोटं पालापाचोळा घाला, खोडापासून जरा लांब. तोडलेल्या सुबाभळीचा पाला चालेल, शेंगा झटकून.