कपड्यांना बारीक भोकं का पडतात? आपापले अनुभव लिहा

गेल्या सहा महिन्यांत माझ्या पाच कुर्त्यांना आणि ह्यांच्या तीन टीशर्टना बेंबीच्या आसपास टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडलीत. आधी मशीनवर संशय, मेकॅनिक बोलावला, त्याने ड्रम फिरवून, आत हात घालून बघितलं, काही नाही. मग साबण बदलला, तरी तेच. पाठीवर एकही भोक नाही, सगळी पुढूनच. कुणाला असं झालंय का, कारण कसं सापडलं, काय केलंत, सविस्तर लिहा प्लीज.

*

पाठीवर नाहीत म्हणजे मशीन नाहीच गं. मशीन पुढचं-मागचं बघत नाही. माझा गुन्हेगार ओटा निघाला. ग्रॅनाइटची कड बोटाला गुळगुळीत लागते पण भांडी घासताना आपण पोट टेकवून उभे राहतो, कपडा ओला होतो आणि रोज तिथेच घासला जातो. खात्री करायला मी कडेला कणीक भुरभुरवली आणि रोजच्यासारखी उभी राहिले, कुर्त्यावर पांढरी रेघ उमटली ती बरोब्बर भोकांवरून. गवंडी बोलावून कड गोल करून घेतली, आणि जाड एप्रन. वर्ष झालं, नवीन भोक नाही.

*

आमच्याकडे मात्र मशीनच होतं. भोकं कुठेही, बाहीला, पाठीला, उशीच्या अभ्र्यालासुद्धा. फ्रंट लोडच्या दारातल्या रबराच्या घडीत साडीची पिन अडकलेली, गंजून काळी पडलेली. आता हुक लावून, चेन बंद करून, ब्रा जाळीच्या पिशवीत, आणि टीशर्ट उलटे करून टाकते.

*

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालता ना? मी जुन्या पँटवर घालायचो, तेव्हा काही दिसायचं नाही आणि धुतल्यावर मांडीवर चाळण. सल्फ्युरिक ॲसिडचा बारीक थेंब सुती धागा आतून कुजवतो, तो धुताना झडतो, म्हणून नाव मशीनचं येतं. उडालाय असं वाटलं तर कपडा लगेच भरपूर पाण्यात, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचा.

*

आईच्या पैठणीला कसर लागली होती, पदराच्या घडीत सात भोकं, रफू करूनसुद्धा हात लावला की कळतं, अजून वाईट वाटतं. आता मऊ सुती कापडात गुंडाळते, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलते आणि सावलीत वारा देते. खळ केलेल्या सुती साड्या तशाच ठेवून देऊ नका, खळीवर कसर आणि झुरळं दोन्ही येतात. आणि घामाचा, जेवणाचा डाग पडलेला कपडा धुतल्याशिवाय कपाटात नको.

*

डांबरगोळ्या ठेवणाऱ्यांना कळकळीची विनंती, बाळाच्या कपड्यांत अजिबात नको. काही बाळांना जन्मतः जी-६-पीडी एन्झाइम कमी असतं, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी ह्या वासाने फुटतात, कावीळ होते. आमच्या डॉक्टरांनी बाळंतपणातच बजावलं होतं.

*

मी लंडनला असते, इथे लोकरीवर पतंग. उडतो तो खात नाही, खाते त्याची अळी, तांदळाच्या दाण्यासारखी, आणि लोकर, रेशीम, केस असलंच खाते, स्वच्छ सुती टीशर्टला सहसा तोंड लावत नाही. सगळे स्वेटर पिशवीत सीलबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवले, पलंगाखालच्या कार्पेटच्या कडा व्हॅक्यूम केल्या, तिथेच सगळ्यात जास्त अळ्या होत्या. चिकट सापळे लावलेत पण त्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे नुसते सापळे लावून पतंग जात नाहीत, आहेत की नाहीत तेवढं कळतं.

*

भोकाची कड चाचपून बघा. कडक आणि वितळल्यासारखी लागली तर फुलबाजी किंवा अगरबत्तीची ठिणगी, सिंथेटिकवर हमखास.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. कणकेचा प्रयोग आत्ताच केला, रेघ भोकांवरूनच गेली. गवंड्याला फोन केलाय. पण हे ओट्याशी उभे राहत नाहीत, म्हणून जीन्स घालून टीशर्ट नीट ओढायला सांगितला आणि बघितलं तर तिन्ही टीशर्टची भोकं बटणाच्या बरोब्बर वर, जिथे गाडीत सीटबेल्ट दाबतो. कुणी ह्यावर काही केलंय का?