मदत हवी आहे: विसर्जनाच्या वाटेवरची चर तात्पुरती कशाने बुजवावी?

बेळगावात आमच्या गल्लीचा गणपती हुतात्मा चौकाकडे निघतो, तिथून मिरवणुकीनं कपिलेश्वर तलावाला. पाइपसाठी रस्ता आडवा खणलाय. दोन फूट रुंद चर, वर नुसता मुरूम. परवा भाजीची हातगाडी रुतली, मग मूर्तीच्या ट्रॉलीचं काय!

कन्नडमध्ये अर्ज दिलाय, पोच आहे. कंत्राटदार म्हणतो, ओल्यात गरम डांबर धरत नाही, दिवाळीनंतर बघू. (तेवढं मात्र त्याचं खरं.) मागची गल्ली अरुंद, वर विजेच्या तारा, म्हणून वाट बदलता येत नाही. वर्गणीतला पैसा यात घालायचा नाही असं मंडळात ठरलंय.

तीन आठवडे उरलेत. लेखी मागणी नेमकी कशाची करू: खडी टाकून रोलर, पेव्हर (सिमेंटचे ठोकळे) की कोल्ड मिक्स (गरम न करता भरायचं डांबर-खडीचं मिश्रण)? भर पावसात चार-पाच टनांची ट्रॉली कशावरून सुखरूप जाईल?